सानिया मिर्झा यांची क्रीडा-कारकीर्द आणि खेळाडूंच्या मानसिक आरोग्याचा प्रश्न : एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश

भारतीय महिला टेनिसच्या इतिहासात सानिया मिर्झा यांचे स्थान अनन्यसाधारण आहे. दुहेरी व मिश्र दुहेरीतील सहा ग्रँड स्लॅम विजेतेपदे आणि दुहेरीच्या जागतिक क्रमवारीतील पहिले स्थान ही त्यांच्या कारकिर्दीची ज्ञात बाजू होय. मनगटाच्या दुखापतीमुळे २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमधून माघार घ्यावी लागल्यानंतर आपण नैराश्याच्या अवस्थेतून गेलो, असे त्यांनी पुढे जाहीरपणे सांगितले. ही बाजू मात्र विक्रमांच्या नोंदीत कोठेही आढळत नाही. प्रस्तुत शोधनिबंधात या दोन्ही बाजूंचा कालक्रमानुसार विचार केला असून, खेळाडूच्या मनाची दुखापत इतिहासात का नोंदली जात नाही आणि अलीकडे ती का नोंदली जाऊ लागली, याची मीमांसा केली आहे. तसेच यवतमाळसारख्या जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या दृष्टीने या अभ्यासाचे औचित्य स्पष्ट केले आहे.

बीजसंज्ञा : महिला टेनिस, क्रीडा-इतिहास, मानसिक आरोग्य, नैराश्य, आत्मनिवेदन, ग्रामीण महाविद्यालय.

प्रस्तावना

महाराष्ट्राला बलोपासनेची दीर्घ परंपरा आहे. समर्थ रामदासांनी एकीकडे मारुतीची मंदिरे स्थापून शरीरबळाचा पुरस्कार केला व दुसरीकडे 'मनाचे श्लोक' रचून मनाला उपदेश केला. या परंपरेत शरीर आणि मन हे दोन्ही साधनेचे विषय होते. विदर्भापुरते बोलायचे तर, अमरावती येथे १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी सुरू केलेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने व्यायामाला संस्थात्मक रूप दिले आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके सादर करून ही परंपरा जगासमोर नेली. तथापि आधुनिक स्पर्धात्मक क्रीडाव्यवस्था जसजशी रूढ होत गेली, तसतसे शरीराचे मोजमाप सूक्ष्म होत गेले आणि मनाचा विचार केवळ 'जिद्द', 'एकाग्रता' व 'खंबीरपणा' या शब्दांपुरता उरला. खंबीर राहू न शकणाऱ्या खेळाडूसाठी आपल्या क्रीडाविषयक भाषेत शब्दच नव्हता. असलाच तर तो 'कच खाणे' हा होता आणि तो दूषण देणारा होता.

क्रीडा-इतिहासाचे लेखनही बहुतांशी याच चौकटीत झाले. सामना, निकाल, गुणसंख्या, क्रमवारी व पुरस्कार ही त्याची साधने. ज्या काळात खेळाडू मैदानावर नव्हता, तो काळ या इतिहासात 'दुखापत' किंवा 'वैयक्तिक कारण' या दोन शब्दांत संपतो. या दोन शब्दांमागे काय दडले असावे, हा प्रश्न विचारणे इतिहासाच्या अभ्यासकाला आवश्यक वाटते. सानिया मिर्झा यांच्या कारकिर्दीची निवड या अभ्यासासाठी करण्यामागे तीन कारणे आहेत. एक, त्यांचा जन्म महाराष्ट्रातील असून संपूर्ण कारकीर्द भारतीय प्रसारमाध्यमांच्या डोळ्यांसमोर घडली. दोन, २०२३ मध्ये त्या निवृत्त झाल्याने कारकिर्दीचे समग्र अवलोकन करणे शक्य झाले आहे. तीन, आपल्या मानसिक अवस्थेविषयी त्यांनी स्वतः जाहीर निवेदन केले आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. सानिया मिर्झा यांच्या कारकिर्दीतील प्रमुख टप्प्यांचा कालक्रमानुसार आढावा घेणे.
२. २००८ या वर्षातील घटनांचा त्यांच्या मानसिक स्वास्थ्याच्या अंगाने पुनर्विचार करणे.
३. खेळाडूंच्या मानसिक आरोग्याविषयी जगात व महाराष्ट्रात झालेल्या विचाराशी त्याचा संबंध तपासणे.
४. ग्रामीण भागातील महाविद्यालयांसाठी या अभ्यासातून निघणारे निष्कर्ष मांडणे.

अभ्यासपद्धती व मर्यादा

प्रस्तुत शोधनिबंधासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. स्पर्धांच्या अधिकृत नोंदी आणि खेळाडूची स्वतःची निवेदने अशी दोन प्रकारची साधने येथे परस्परांशेजारी ठेवून वाचली आहेत. नोंद ही घटनेच्या वेळची असते, निवेदन नंतरचे असते. म्हणून निवेदनाला स्मृतीच्या मर्यादा असतात हे मान्य केले पाहिजे. परंतु नोंद जे सांगूच शकत नाही, त्यासाठी निवेदनाखेरीज दुसरे साधन उपलब्ध नसते, हेही तितकेच खरे. येथे 'नैराश्य' हा शब्द खेळाडूने स्वतः वापरलेल्या अर्थाने घेतला असून, त्यावरून कोणतेही वैद्यकीय निदान सुचविण्याचा हेतू नाही.

पूर्वपीठिका : भारतीय महिला टेनिस

भारतीय महिलांच्या टेनिसचा इतिहास सानिया मिर्झा यांच्यापासून सुरू होत नाही आणि त्याचा एक महत्त्वाचा धागा महाराष्ट्राशी जोडलेला आहे. तुकारामांच्या गाथेचे संपादन करणारे विद्वान शंकर पांडुरंग पंडित यांची कन्या पंडिता क्षमाबाई राव या संस्कृत कवयित्री म्हणून प्रसिद्ध आहेत. त्यांची कन्या लीला राव यांनी १९३४ मध्ये विम्बल्डन स्पर्धेत सामना जिंकला. त्या स्पर्धेत सामना जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. विद्याव्यासंगी घराण्यातील एका मराठी मुलीने त्या काळात हे यश मिळवावे, ही घटना आपल्या स्त्री-इतिहासात जेवढी नोंदली जावयास हवी होती तेवढी नोंदली गेली नाही. पुढे १९९८ मध्ये निरुपमा वैद्यनाथन यांनी ऑस्ट्रेलियन खुल्या स्पर्धेत एकेरीचा सामना जिंकला. या दोन घटनांमध्ये चौसष्ट वर्षांचे अंतर आहे. एवढ्या विरळ परंपरेत जी मुलगी पुढे येते, तिच्यावर संपूर्ण देशाच्या अपेक्षांचा भार एकटीवर पडतो, हे पुढील विवेचनाच्या दृष्टीने लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

कारकिर्दीचा पहिला टप्पा (२००३ ते २००७)

सानिया मिर्झा यांचा जन्म १५ नोव्हेंबर १९८६ रोजी मुंबई येथे झाला. त्यांचे बालपण हैदराबाद येथे गेले व वयाच्या सहाव्या वर्षापासून त्यांनी टेनिसचे धडे घेण्यास प्रारंभ केला. वडील इम्रान मिर्झा हेच त्यांचे प्रमुख मार्गदर्शक होते. २००३ मध्ये रशियाच्या अलिसा क्लेबानोव्हासमवेत त्यांनी विम्बल्डनमधील मुलींच्या दुहेरीचे विजेतेपद मिळविले. २००५ हे वर्ष त्यांच्या एकेरीच्या कारकिर्दीत निर्णायक ठरले. ऑस्ट्रेलियन खुल्या स्पर्धेत तिसऱ्या फेरीपर्यंत मजल मारल्यावर त्यांना सेरेना विल्यम्सकडून पराभव पत्करावा लागला. फेब्रुवारीत हैदराबाद येथील स्पर्धा जिंकून महिला टेनिस संघटनेचे एकेरीचे विजेतेपद मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. त्यानंतर दुबई येथे त्यांनी तत्कालीन अमेरिकन विजेती स्वेतलाना कुझ्नेत्सोव्हा हिला नमविले व त्याच वर्षी अमेरिकन खुल्या स्पर्धेत चौथी फेरी गाठली. २००६ मध्ये त्यांना पद्मश्री सन्मान प्राप्त झाला. ऑगस्ट २००७ मध्ये त्या एकेरीच्या जागतिक क्रमवारीत २७ व्या स्थानी पोहोचल्या.

या यशाबरोबरच वादांची एक मालिका सुरू झाली. २००५ मध्ये त्यांच्या पोशाखाविषयी धार्मिक आक्षेप घेण्यात आले. त्याच वर्षी एका जाहीर कार्यक्रमातील त्यांच्या विधानावरून निदर्शने झाली. २००८ च्या प्रारंभी राष्ट्रध्वजाच्या अवमानाचा आरोप करणारी तक्रार न्यायालयात दाखल झाली. एका छायाचित्रात त्यांचे पाय टेबलावर असून जवळच ध्वज दिसतो, एवढाच त्या आरोपाचा आधार होता. फेब्रुवारी २००८ मध्ये त्यांनी बंगळूर येथील स्पर्धेत न खेळण्याचा निर्णय जाहीर केला. भारतात खेळले की काही ना काही वाद उद्भवतो, हे त्यांनी दिलेले कारण होते. हे सर्व घडत असताना त्यांचे वय अवघे एकवीस वर्षांचे होते. समकालीन वृत्तांत या घटना 'वाद' या सदरात मोडत. त्यांचा त्या मुलीच्या मनावर काय परिणाम होत असेल, हा प्रश्न बातमीचा विषय झाला नाही.

सन २००८ : नोंद आणि निवेदन

२००८ मध्ये मनगटाच्या दुखापतीने सानिया मिर्झा यांच्या कारकिर्दीसमोरच प्रश्नचिन्ह उभे केले. त्यांच्या मनगटावर शस्त्रक्रिया झाली. ऑगस्टमध्ये बीजिंग ऑलिंपिकच्या एकेरीत झेक प्रजासत्ताकाच्या इव्हेता बेनेशोव्हाविरुद्धचा पहिल्या फेरीचा सामना त्यांना अर्धवट सोडावा लागला. अधिकृत नोंद येथे संपते. नोंदवहीत कारण म्हणून मनगटाची दुखापत आहे आणि ते खोटे नाही.

याच काळाविषयी त्यांनी पुढे अनेक वर्षांनी जाहीर मुलाखतीत जे सांगितले, ते नोंदीपेक्षा फार निराळे आहे. ऑलिंपिकमधून माघार घ्यावी लागल्यानंतर आपण तीन-चार महिने नैराश्यात होतो. सर्व काही ठीक असताना अचानक रडू कोसळत असे. महिनाभराहून अधिक काळ जेवणासाठीसुद्धा खोलीबाहेर येणे होत नसे. आपण पुन्हा टेनिस खेळू शकणार नाही असे वाटत असे, अशा आशयाचे हे निवेदन आहे. कुटुंबीयांच्या आधाराने आपण त्यातून बाहेर आलो, असेही त्यांनी नमूद केले आहे.

आता या निवेदनाशेजारी पुढील नोंद ठेवून पाहावी. १ फेब्रुवारी २००९ रोजी महेश भूपतीसमवेत त्यांनी ऑस्ट्रेलियन खुल्या स्पर्धेत मिश्र दुहेरीचे विजेतेपद पटकावले. त्यांचे ते पहिले वरिष्ठ ग्रँड स्लॅम विजेतेपद होय. बीजिंग आणि मेलबर्न यांच्यामध्ये सहा महिन्यांपेक्षा कमी अंतर आहे. विक्रमांच्या तक्त्यात या दोन ओळी एकाखाली एक येतात आणि वाचणाऱ्याला दुखापतीनंतरचे यशस्वी पुनरागमन तेवढे दिसते. ज्या महिन्यांत ती खेळाडू बंद खोलीत होती, त्या महिन्यांची ओळ तक्त्यात नाही. एवढेच नव्हे, तर यश इतक्या लवकर आल्यामुळे त्या महिन्यांविषयी कोणी विचारण्याचे कारणही उरले नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचा ऐतिहासिक बोध हाच आहे. यश हे मानसिक स्वास्थ्याचे प्रमाण मानले जाते, म्हणून यशस्वी व्यक्तीचा मनस्ताप सर्वांत अदृश्य राहतो.

दुसरी बाब मौनाच्या कालावधीची. मनगटाच्या दुखण्याची बातमी त्याच दिवशी जगभर गेली. मनाच्या दुखण्याची वाच्यता होण्यास अनेक वर्षे लागली. दोन्ही दुखणी एकाच व्यक्तीची, एकाच काळातील होती. एकाला वैद्यकीय अहवाल, शस्त्रक्रिया व विश्रांती हे सर्व मान्य होते. दुसऱ्याला नावसुद्धा नव्हते. हा फरक व्यक्तीच्या धैर्याचा नसून काळाने उपलब्ध करून दिलेल्या भाषेचा आहे.

कारकिर्दीचा उत्तरार्ध (२०१० ते २०२३)

२०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत सानिया मिर्झा यांनी एकेरीत रौप्य व महिला दुहेरीत कांस्यपदक मिळविले. २०१२ मध्ये भूपतीसमवेत फ्रेंच खुल्या स्पर्धेतील आणि २०१४ मध्ये ब्राझीलच्या ब्रुनो सोआरेससमवेत अमेरिकन खुल्या स्पर्धेतील मिश्र दुहेरीचे विजेतेपद त्यांच्या नावे जमा झाले. वारंवारच्या दुखापतींमुळे २०१३ मध्ये त्यांनी एकेरी सोडली. शरीराची मर्यादा ओळखून खेळाचा प्रकार बदलण्याचा हा निर्णय त्यांच्या कारकिर्दीला दीर्घायुष्य देणारा ठरला. १३ एप्रिल २०१५ रोजी त्या दुहेरीच्या जागतिक क्रमवारीत प्रथम स्थानी आल्या व एकूण ९१ आठवडे त्या स्थानी राहिल्या. मार्टिना हिंगीससमवेत त्यांनी २०१५ चे विम्बल्डन, त्याच वर्षीची अमेरिकन खुली स्पर्धा आणि २०१६ ची ऑस्ट्रेलियन खुली स्पर्धा जिंकली; या जोडीने सलग ४१ सामने जिंकण्याचा पराक्रम केला. २०१५ चा खेलरत्न पुरस्कार व २०१६ चा पद्मभूषण सन्मान हे या यशाचे राष्ट्रीय पातळीवरील मूल्यमापन होय. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये रोहन बोपण्णासमवेत त्यांचे पदक थोडक्यात हुकले व चौथ्या स्थानावर समाधान मानावे लागले.

ऑक्टोबर २०१८ मध्ये मातृत्व प्राप्त झाल्यानंतर जानेवारी २०२० मध्ये त्यांनी होबार्ट येथे नादिया किचेनोकसमवेत दुहेरीचे विजेतेपद मिळवून पुनरागमन केले. फेब्रुवारी २०२३ मध्ये दुबई येथे त्यांनी अखेरचा व्यावसायिक सामना खेळला. तत्पूर्वीच, त्याच महिन्यात, महिला प्रीमियर लीगमधील बंगळूर संघाने त्यांची मार्गदर्शक म्हणून नियुक्ती केली होती. टेनिसच्या खेळाडूने क्रिकेट संघाला काय मार्गदर्शन करावे, असा प्रश्न तेव्हा स्वाभाविकपणे विचारला गेला. त्यावर, तरुण खेळाडूंना दडपण हाताळण्यास मदत करणे हेच आपले काम आहे, अशी त्यांची भूमिका होती.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे अगत्याचे आहे. सानिया मिर्झा यांनी मानसिक आरोग्याची एखादी संघटित चळवळ उभी केली, असे म्हणता येणार नाही. त्यांची टेनिस अकादमी आहे. २०१४ मध्ये त्या संयुक्त राष्ट्रांच्या महिलाविषयक संस्थेच्या दक्षिण आशियासाठीच्या सदिच्छादूत झाल्या. पण मानसिक आरोग्याच्या क्षेत्रातील त्यांचे कार्य मुख्यतः जाहीर साक्ष देण्याचे आहे. साक्षीचे मोल मात्र कमी लेखता येत नाही. सर्व सन्मान प्राप्त झालेली व्यक्ती 'मीही त्यातून गेले' असे म्हणते, तेव्हा ऐकणाऱ्याच्या मनातील लाजेचा भार हलका होतो.

जागतिक संदर्भ : 'वैयक्तिक कारणा'चा उलगडा

२००६ च्या फेब्रुवारीत इंग्लंडचा सलामीचा फलंदाज मार्कस ट्रेस्कोथिक भारत दौरा अर्धवट सोडून मायदेशी परतला. तेव्हा कारण 'वैयक्तिक' असल्याचे सांगण्यात आले. १ मार्चपासून नागपूर येथे झालेल्या कसोटीत तरुण ॲलिस्टर कुक याने पदार्पण करून दुसऱ्या डावात शतक झळकाविले. विदर्भातील क्रिकेटरसिकांना ते शतक आजही स्मरते. परंतु ती जागा ज्या कारणाने रिकामी झाली, ते कारण नैराश्य होते, हे ट्रेस्कोथिकने २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात विस्ताराने सांगितल्यावरच जगाला नीट कळले. आपल्याच प्रदेशातील एका सामन्याचा इतिहास या माहितीमुळे वेगळा वाचावा लागतो.

टेनिसमध्ये अमेरिकेच्या मार्डी फिशचे उदाहरण या संदर्भात सर्वांत बोलके आहे. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमधील हा रौप्यपदक विजेता २०११ मध्ये जागतिक क्रमवारीत सातव्या स्थानी पोहोचला. २०१२ च्या अमेरिकन खुल्या स्पर्धेत रॉजर फेडररविरुद्धच्या चौथ्या फेरीच्या सामन्यापूर्वी चिंताविकाराच्या तीव्र झटक्यामुळे त्याने माघार घेतली. २०१५ मध्ये त्याने याविषयी स्वतः लेख लिहिला, त्याच वर्षी अमेरिकन खुल्या स्पर्धेत खेळून निवृत्ती स्वीकारली आणि पुढे या विषयावर तो सातत्याने बोलत राहिला. २०२१ मध्ये जपानच्या नाओमी ओसाकाने पत्रकार परिषदेस नकार दिला. त्यासाठी तिला १५,००० डॉलर दंड झाला. तिने फ्रेंच खुल्या स्पर्धेतून माघार घेतली व २०१८ पासून आपण नैराश्याशी झगडत असल्याचे जाहीर केले. तिने कारण त्याच वेळी, खेळत असतानाच सांगितले, हा या घटनेचा विशेष. त्याच वर्षी टोकियो ऑलिंपिकमध्ये जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सने काही प्रकारांतून माघार घेताना मानसिक स्वास्थ्याचेच कारण दिले. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१९ मध्येच अव्वल खेळाडूंच्या मानसिक आरोग्याविषयी तज्ज्ञांचे एकमताचे निवेदन प्रसिद्ध केले होते.

ही उदाहरणे क्रमाने पाहिल्यास घटना व तिचे खरे कारण यांतील अंतर घटत गेल्याचे दिसते. ट्रेस्कोथिकच्या बाबतीत ते सुमारे दोन वर्षांचे, फिशच्या बाबतीत तीन वर्षांचे, तर ओसाकाच्या बाबतीत ते जवळपास नाहीसे झाले. सानिया मिर्झा यांच्या बाबतीत ते सर्वांत मोठे आहे. भारतीय समाजात, त्यातही सार्वजनिक जीवनातील तरुण स्त्रीला, मनाच्या दुखण्याविषयी बोलणे किती कठीण होते, याचे हे एक मोजमाप मानता येईल.

महाराष्ट्रातील विचार

महाराष्ट्रात खेळाडूंच्या मनाचा शास्त्रीय विचार रुजविण्याचे श्रेय प्रामुख्याने नाशिकचे भीष्मराज बाम यांच्याकडे जाते. पोलीस खात्यातील उच्च पदावरून निवृत्त झालेल्या बाम यांनी नेमबाजीपासून क्रिकेटपर्यंत अनेक खेळांतील खेळाडूंना मार्गदर्शन केले, योगशास्त्र आणि मानसशास्त्र यांची सांगड घातली व मराठीतून विपुल लेखन केले. मे २०१७ मध्ये त्यांचे निधन झाले. ठाणे येथे १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या मानसिक आरोग्य संस्थेने मनाचे आरोग्य हा विषय रुग्णालयाबाहेर, सामान्य माणसांच्या चर्चेत आणला. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या 'कासव' या नैराश्यावरील मराठी चित्रपटास २०१६ चे राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळाले, हेही या बदलत्या वातावरणाचेच निदर्शक होय.

येथे दोन संकल्पनांत भेद करणे आवश्यक आहे. खेळाडूने जिंकावे म्हणून मनाची तयारी करणे हे क्रीडामानसशास्त्राचे क्षेत्र. तो जिंको वा हरो, माणूस म्हणून त्याचे मन निरोगी राहावे हे मानसिक आरोग्याचे क्षेत्र. पहिल्यात मन हे साधन आहे, दुसऱ्यात ते साध्य आहे. आपल्याकडे पहिल्याचा स्वीकार लवकर झाला, कारण त्याचे फळ पदकात मोजता येते. दुसऱ्याचा स्वीकार अजून व्हावयाचा आहे. तथापि परिवर्तनाची चिन्हे आहेत. ३० ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई येथे महिला विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ धावा करणाऱ्या मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्जने विजयानंतर लगेच, त्याच स्पर्धेदरम्यान आपल्याला झालेल्या चिंतेच्या त्रासाविषयी पत्रकारांसमोर मोकळेपणाने सांगितले. बीजिंगनंतर सानिया मिर्झा यांना जे बोलता आले नाही, ते सतरा वर्षांनी दुसऱ्या तरुण खेळाडूला त्याच दिवशी बोलता आले.

महागाव परिसराच्या संदर्भात औचित्य

टेनिस हा महागाव तालुक्याचा खेळ नाही, हे उघड आहे. येथील विद्यार्थी कबड्डी, खो-खो, कुस्ती व धावण्याच्या शर्यती यांत रमतात. त्यांतील अनेकांसाठी खेळ हा पोलीस वा सैन्य भरतीचा मार्ग असतो. भरतीच्या मैदानात काही सेकंदांनी मागे पडलेल्या तरुणाचे अपयश सहा ग्रँड स्लॅम जिंकणाऱ्या खेळाडूच्या अपयशाहून लहान नसते. किंबहुना त्याच्यामागे शस्त्रक्रियेचा खर्च करणारे कुटुंब नसते आणि घरची कोरडवाहू शेती त्याच्या निकालाकडे डोळे लावून बसलेली असते.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. महागाव तालुक्यातील चिलगव्हाण येथील शेतकरी साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी सहकुटुंब जीवनयात्रा संपविली. महाराष्ट्रातील शेतकरी आत्महत्यांच्या चर्चेत ही पहिली जाहीर घटना म्हणून सांगितली जाते. या प्रश्नाची मुळे शेतमालाचा भाव, कर्ज, सिंचन व कायदे यांत आहेत. त्याला केवळ मानसिक दुर्बलता म्हणणे हा त्या कुटुंबांवरील अन्याय ठरेल. परंतु कारण आर्थिक असले तरी यातना मनालाच होते आणि ती वेळीच बोलता आली, ऐकून घेतली गेली, तर एखादा जीव वाचू शकतो, हेही नाकारता येत नाही. शासनाने २०१५ पासून यवतमाळसह १४ जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्पा'द्वारे शेतकऱ्यांसाठी समुपदेशनाची व्यवस्था सुरू केली, ती याच जाणिवेतून. अशा घरांतील मुले-मुली आपल्या वर्गात बसतात.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१५-१६) देशातील सुमारे १०.६ टक्के प्रौढ व्यक्तींना मानसिक विकार होता आणि विकारनिहाय ७० ते ९२ टक्के व्यक्ती उपचारांपासून वंचित होत्या. सर्वेक्षणातील १२ राज्यांत महाराष्ट्राचा समावेश नव्हता. त्यामुळे आपल्या जिल्ह्याविषयी अनुमान करताना सावधगिरी बाळगावी लागते. मात्र कायद्याची चौकट आता स्पष्ट आहे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ हा २९ मे २०१८ पासून अमलात आला व उपचार हा हक्क म्हणून मान्य झाला. विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२३ मध्ये विद्यार्थ्यांची शारीरिक तंदुरुस्ती, क्रीडा व मानसिक-भावनिक स्वास्थ्य यांविषयी एकत्रित मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. २५ जुलै २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा, असे निर्देश दिले. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेली 'टेली-मानस' ही १४४१६ या क्रमांकावरील विनामूल्य दूरध्वनी सेवा मराठीतूनही उपलब्ध आहे.

निष्कर्ष

१. सानिया मिर्झा यांच्या कारकिर्दीतील २००८ ची नोंद आणि त्यांचे नंतरचे निवेदन यांच्या तुलनेवरून क्रीडा-इतिहासाची प्रचलित साधने खेळाडूच्या मनाविषयी मौन पाळतात, हे स्पष्ट होते.

२. यशस्वी पुनरागमनामुळे मानसिक यातना झाकली जाते. म्हणून यश हे मानसिक स्वास्थ्याचा पुरावा मानता येत नाही.

३. ट्रेस्कोथिकपासून रॉड्रिग्जपर्यंतच्या उदाहरणांवरून, घटना व तिच्या खऱ्या कारणाची वाच्यता यांतील अंतर दोन दशकांत कमी होत गेल्याचे दिसते. हा बदल आपोआप घडलेला नाही. आधी बोललेल्यांनी नंतरच्यांसाठी भाषा उपलब्ध करून दिली.

४. महाराष्ट्रात क्रीडामानसशास्त्राची परंपरा आहे. तिला खेळाडूच्या मानसिक आरोग्याची जोड देणे हे पुढील काम आहे.

५. महाविद्यालयांत शारीरिक शिक्षण, मानसशास्त्र, समाजशास्त्र व राष्ट्रीय सेवा योजना या विभागांनी एकत्र येऊन खेळाडू विद्यार्थ्यांशी नियमित संवादाची व्यवस्था करावी. स्पर्धेत हरलेल्या, संघातून वगळलेल्या किंवा जखमी झालेल्या विद्यार्थ्याची पहिल्या आठवड्यातच विचारपूस व्हावी. १४४१६ हा क्रमांक क्रीडा विभागाच्या व वसतिगृहाच्या फलकावर कायम असावा.

६. संघ सोडून गेलेल्या विद्यार्थ्याच्या नावापुढे 'गैरहजर' एवढाच शेरा लिहून नोंदवही बंद करण्याची पद्धत थांबवावी. तो का आला नाही, हे विचारण्याचे काम शिक्षकाचे आहे. ऑगस्ट २००८ नंतरच्या महिन्यांत सानिया मिर्झा यांच्याजवळ कुटुंब होते, म्हणून फेब्रुवारी २००९ ची नोंद होऊ शकली. आपल्या अनेक विद्यार्थ्यांच्या बाबतीत तो आधार होण्याची जबाबदारी महाविद्यालयावर येते.